आग्रा रोड आणि शर्यतीचा रस्ता

धुळ्यात 'आग्रा रोड' म्हटले की डोळ्यांपुढे बाजार उभा राहतो. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने, हातगाड्या, आणि संध्याकाळच्या वेळी सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागेल अशी गर्दी. खरेदीला आलेल्या मुलाला या बाजाराचा आणि आग्र्याचा काय संबंध, हा प्रश्न सहसा पडत नाही. मुंबईहून निघून थळघाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर करीत सातपुडा ओलांडणारा आणि पुढे इंदूर, ग्वाल्हेरवरून आग्र्याला पोचणारा राजमार्ग तो हाच. त्याचा प्रवाह आता गावाबाहेरून वाहतो. नाव मात्र बाजारात राहिले. सुरतेहून नागपूरकडे जाणारा दुसरा मोठा रस्ता त्याला धुळ्यापाशीच छेदतो आणि पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पूर्वेला जातो. देशाच्या दोन मोठ्या वाटा जेथे एकमेकींना भेटतात, अशा चौकात आपण राहतो.

आजचा विषय मोटारींच्या शर्यतींच्या रस्त्यांचा आहे. खानदेशात असा एकही बांधीव धावमार्ग नाही. मग हा विषय येथे कशासाठी, अशी शंका श्रोत्यांना येणे रास्त आहे. तिचे उत्तर आग्रा रोडवरच आहे. धुळ्याहून सकाळी निघून सातपुडा व नर्मदा ओलांडली की दुपारपर्यंत आपण धार जिल्ह्यातील पिथमपूरला पोचतो. हा पवारांच्या धार संस्थानचा मुलूख; पलीकडे होळकरांचे इंदूर. मराठी बोलणारी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या पिथमपूरला २९ जून २०२१ रोजी अकरा किलोमीटर तीनशे मीटर लांबीचा एक बंदिस्त वेगमार्ग सुरू झाला. आशिया खंडात त्याहून लांब असा मार्ग नाही, असे तेव्हा सरकारने जाहीर केले. त्याच्याकडे वळण्यापूर्वी असले रस्ते मुळात का बांधावे लागले, हे पाहिले पाहिजे.

मोटारीची शर्यत जन्मली ती सार्वजनिक रस्त्यावर. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची शर्यत झाली. एमिल लव्हासोर नावाच्या गृहस्थाने ११७८ किलोमीटरांचे ते अंतर ४८ तास ४८ मिनिटांत तोडले. सरासरी पडते ताशी चोवीस किलोमीटर. आज शेतावरून येणारी मोपेडसुद्धा त्याहून जोरात येते. पण त्या काळी लोक थक्क झाले. अशा वेगाच्या गाडीसाठी रस्ता मोकळा करण्याची कोणाला गरज वाटली नाही. कोंबड्या, कुत्री, गवताच्या गाड्या आणि मोटारी एकाच रस्त्याने चालत होत्या.

पुढे अवघ्या आठ वर्षांत चित्र पालटले. मे १९०३ मध्ये पॅरिसहून माद्रिदला जाण्याची शर्यत व्हर्सायहून सुटली. पाहायला लक्षावधी माणसे रस्त्याच्या दुतर्फा, काही तर रस्त्यातच उभी होती. पाऊस नव्हता, डांबर नव्हते, त्यामुळे पुढच्या गाडीच्या धुळीत मागच्याला काही दिसत नसे. (आमच्याकडे वैशाखात ज्याने मुरमाच्या रस्त्यावर एस.टी.च्या मागे सायकल हाणली आहे, त्याला याचे अधिक वर्णन नको.) मार्सेल रेनो हा मोटारींचा प्रसिद्ध कारखानदार त्यात मेला, चालक, त्यांचे यांत्रिक, प्रेक्षक, असे आणखी कितीतरी दगावले. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. तेथवर पहिल्या आलेल्या गाब्रिएलची सरासरी ताशी १०५ किलोमीटर होती. चोविसावरून एकशेपाचावर! माणसाची नजर, रस्ता आणि कायदा तिघेही या उडीला तयार नव्हते.

येथून शर्यतीचा आणि रस्त्याचा तंटा सुरू होतो. रस्ता सर्वांचा असतो आणि शर्यतीला तो तेवढ्यापुरता एकट्याचा लागतो. ही अडचण नाना देशांनी नाना तऱ्हांनी सोडवली. इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला परवानगी नव्हती, म्हणून १९०३ची गॉर्डन बेनेट चषकाची स्पर्धा आयर्लंडला न्यावी लागली आणि रस्ते बंद करता यावेत म्हणून पार्लमेंटने खास कायदा केला. आइल ऑफ मॅन या बेटाची आपली वेगळी विधिसभा आहे. तिने रस्ते बंद ठेवण्यास मंजुरी दिली. तेथे मोटारसायकलींची शर्यत ६० किलोमीटरांच्या डोंगरी वाटेवर अजून होते. शर्यतीचे तास संपले की त्याच रस्त्याने दूधवाला आणि शाळेची मुले जातात. त्या वाटेवर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धक मेले, आणि तरीही स्पर्धक येत राहतात. याला शौर्य म्हणावे की हट्ट, हे मला ठरवता आलेले नाही.

तिसरा मार्ग ह्यू लॉक किंग या जमीनदाराने काढला. लंडनजवळ वेब्रिजला स्वतःच्या जमिनीत त्याने १९०७ साली ब्रुकलँड्‌सचा धावमार्ग बांधला. केवळ मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला हा जगातला पहिला मार्ग. लांबी पावणेतीन मैल, रुंदी शंभर फूट, सगळा काँक्रीटचा, आणि वळणांवर बाहेरची बाजू जवळजवळ तीस फूट उचललेली. सुरू होतो न होतो तोच एस. एफ. एज याने त्यावर चोवीस तास अखंड गाडी हाकून १५८१ मैल तोडले. विक्रम झाला, परंतु आसपासच्या रहिवाशांची त्या रात्री झोप उडाली आणि तेथे रात्रीची धाव बंद पडली. नंतर तेथे चोवीस तासांची स्पर्धा घ्यायची झाली तेव्हा ती दिवसा बारा-बारा तास अशी दोन तुकड्यांत घ्यावी लागली, आणि मधल्या रात्री गाड्या कुलूपबंद! म्हणजे स्वतःच्या जमिनीत रस्ता बांधला तरी शेजाऱ्याचा कान काही विकत घेता येत नाही.

परंतु धावमार्गांच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो जर्मनीतील नुर्बुर्गरिंग. १९७२-७३चा दुष्काळ ज्यांना आठवतो, त्यांना पाझर तलाव, खडी केंद्र आणि कामाची हजेरी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. काम नाही म्हणून सरकारने काम काढायचे, आणि त्या कामातून गावाला काहीतरी टिकाऊ मिळावे अशी आशा धरायची. नुर्बुर्गरिंग हे नेमके असे काम आहे. पहिल्या महायुद्धानंतर आयफेल डोंगरातील आडेनाउ हा तालुका कमालीचा गरीब होता. नापीक जमीन, धंदा नाही, तरुण बेकार. ओट्टो क्रॉइट्स नावाच्या तेथील मुलकी अधिकाऱ्याने मोटारशर्यतीचा मार्ग बांधण्याची योजना बेकारी निवारणाचे काम म्हणून मंजूर करून घेतली. १९२५च्या सप्टेंबरात कोनशिला बसली; हजारोंच्या हातांना काम मिळाले; आणि जून १९२७ मध्ये पहिली शर्यत होऊन रुडोल्फ काराचिओला ती जिंकला.

सारा मार्ग मिळून २८ किलोमीटरांचा होता. त्यातील उत्तरेकडचा फेरा एकटा पावणेतेवीस किलोमीटरांचा. दीडशेहून अधिक वळणे, जंगल, चढ, उतार, मध्ये जुना किल्ला. आपल्याकडे लळिंगच्या किल्ल्याभोवती डोंगर-दऱ्यांतून वाट काढावी तशी कल्पना करा. एका टोकाला ऊन असावे आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, इतका हा मार्ग लांब. एवढी वळणे पाठ होण्यास चालकांना वर्षे लागत. १९७६च्या ऑगस्टमध्ये निकी लाउडा हा ऑस्ट्रियन जगज्जेता येथे जळत्या गाडीत सापडला. चार सहस्पर्धकांनी त्याला ओढून काढले. चेहरा होरपळला, पण सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला. फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा मात्र त्या लांब फेऱ्यावर पुन्हा कधी झाली नाही. डोंगरात मदत पोचायला वेळ लागतो, एवढे साधे कारण. पुढे १९८३ साली स्टेफान बेलोफ या तरुणाने तेथे ६ मिनिटे ११.१३ सेकंदांचा फेरा मारला. तो विक्रम पस्तीस वर्षे टिकला. २०१८ साली टिमो बर्नहार्डने पोर्शेच्या खास गाडीने ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांवर आणला.

पण खरी मौज पुढेच आहे. शर्यत नसेल त्या दिवशी टोल भरून कोणीही गृहस्थ आपली गाडी त्या मार्गावर घालू शकतो. आणि आठवड्याच्या इतर दिवशी मोटार कारखाने तेथे आपल्या नव्या गाड्या तपासतात: वळणावर मागचे चाक किती सरकते, उतारावर ब्रेक किती तापतो. बेकारांसाठी काढलेल्या कामातून मोटारींची एक शाळा उभी राहिली आणि त्या तालुक्याला पोट भरण्याचे साधन मिळाले.

उघड्या रस्त्यावरच्या शर्यतींचा शेवट इटलीत झाला. 'मिल्ले मिल्या' म्हणजे हजार मैल. ब्रेश्यापासून रोमपर्यंत आणि परत, गावांच्या चौकांतून. १९५५ साली स्टर्लिंग मॉसने ती १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. सरासरी ताशी १५७ किलोमीटरांवर. शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. त्याने साऱ्या वळणांची नोंद एका लांबलचक कागदी गुंडाळीवर लिहून आणली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणे अशक्य, म्हणून तो हाताच्या खुणांनी पुढचे वळण सांगत गेला. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, गुइदित्सोलो गावाजवळ एका गाडीचा टायर फुटला. चालक, त्याचा सोबती आणि नऊ प्रेक्षक गेले. त्या नऊंत पाच मुले होती. इटलीने असली शर्यत त्यानंतर बंद केली. मॉसचा विक्रम त्यामुळे कायमचा झाला.

आपल्या देशात हा खेळ आला तो युद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर. मद्रासजवळच्या शोलावरमची पट्टी महायुद्धातील विमानांसाठी केलेली. विमाने गेली आणि मोटारी आल्या. १९९० साली त्याच मंडळींनी इरुंगाट्टुकोट्टै येथे पावणेचार किलोमीटरांचा रीतसर मार्ग बांधला. २००३ साली कोइमतूरला करी मार्ग झाला. दक्षिणेत हा खेळ जिद्दीने वाढला. नारायण कार्तिकेयन आणि करुण चांढोक हे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेले दोघेही चालक तिकडचे.

मग दिल्लीजवळ ग्रेटर नोइड्याला बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग आला. लांबी ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणे, किलोमीटरभराहून लांब एक सरळ पट्टा, आखणी हेरमान टिल्के या जर्मन तज्ज्ञाची. ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली भारतीय ग्रां प्री झाली. जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल ती जिंकला. २०१२ आणि २०१३च्याही त्यानेच जिंकल्या. पहिल्याच शर्यतीत त्याने १ मिनिट २७.२४९ सेकंदांचा फेरा मारला, म्हणजे सरासरी ताशी २११ किलोमीटर. फॉर्म्युला वनचा तो विक्रम अजून अबाधित आहे. तो मोडायला नंतर कोणी आलेच नाही. खेळ की करमणूक, कर किती, यावरून वाद झाले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तीन दिवसांची शर्यत असली तरी तो मार्ग म्हणजे परदेशी कंपनीची येथील स्थायी आस्थापनाच होय, तेव्हा कर भरला पाहिजे. थकबाकीपोटी जमिनीचे वाटप २०२० साली रद्द झाले. २०२३च्या सप्टेंबरात मोटारसायकलींची जागतिक शर्यत तेथे एकदा झाली खरी. एवढा खर्च करून बांधलेला रस्ता वर्षाचे बहुतेक दिवस रिकामा पडतो, याचे वाईट वाटते. बेकारांच्या हातून उभा राहिलेला नुर्बुर्गरिंग शंभरीला आला आणि हा पंधरा वर्षांत थकला, ही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

हीच अडचण आपल्या शंकरपटाचीही आहे, हे येथे ओघाने सांगतो. बैलजोडी कितीही चपळ असली तरी तिची वेळ मोजायला मापलेली, मोकळी पट्टी लागते. गावच्या चाकोरीवर ती मोजता येत नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये नियम घालून महाराष्ट्रात पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेथे प्रश्न मुक्या जनावराचा होता. मोटारीचे तसे नाही. पण मैदानाच्या कडेला माणसे किती जवळ उभी करायची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

आता पिथमपूर. हा शर्यतीचा मार्ग नाही, कसोटीचा आहे. केंद्र सरकारच्या मोटारचाचणी प्रकल्पात सुमारे एक हजार एकरांवर तो उभा राहिला आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचे उद्घाटन केले. आकार लंबगोल, चार पदरी, सोळा मीटर रुंद. त्याचे वैशिष्ट्य वळणांत आहे. गाडी वेगाने वळली की बाहेर फेकली जाते, हे बैलगाडीवाल्यालाही ठाऊक असते. म्हणून वळणाची बाहेरची कड उचलतात. पिथमपूरला ती अशी उचलली आहे की ताशी २५० किलोमीटरांच्या वेगाला चालकाने चाक वळवण्याचीही गरज पडू नये. रस्ताच गाडीला वळवतो. चाक धरून वळणावर ताशी ३७५ पर्यंत जाता येते, आणि सरळ पट्ट्यावर आखणीने मर्यादाच घातलेली नाही.

उद्घाटनानंतरच्या काही वर्षांत तेथे विक्रमही झाले. महिंद्र समूहाच्या मालकीच्या इटालियन कारखान्याची 'बातिस्ता' ही विजेवरची गाडी तेथे पाव मैल ८.५५ सेकंदांत आणि अर्धा मैल १३.३८ सेकंदांत धावली. नारायण कार्तिकेयनने तीच गाडी ताशी ३५७ किलोमीटरांवर नेली. भारतातील नोंदींत हे आकडे अव्वल ठरले. (महिंद्रांचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला, म्हणजे पुन्हा आग्रा रोडवरच!) तथापि मला त्या गाडीचा दुसरा एक आकडा जास्त मोलाचा वाटतो. ताशी शंभराच्या वेगावरून ती ३१ मीटरांत थांबते, असे तिच्या कारखान्याने जाहीर केले आहे. एकतीस मीटर म्हणजे बसस्टँडवर एकामागे एक लावलेल्या तीन एस.टी. गाड्या.

हे मोल का वाटते, तेही सांगतो. पिथमपूरहून खानदेशात येताना दोन उतार लागतात. पहिला माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा, आणि दुसरा सातपुड्यातून बिजासन घाट उतरून पळासनेरला येणारा. ४ जुलै २०२३ रोजी, मंगळवारी, मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. पुढची वाहने उडवीत तो पळासनेरला रस्त्याच्या कडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे मेली. त्यांत एस.टी.ची वाट पाहत उभे असलेलेही होते. त्यांनी काही शर्यत पाहायला गर्दी केली नव्हती. गुइदित्सोलोला मुले निदान गाड्या पाहायला उभी होती.

उतारावर ब्रेक का जातो? गाडी जितकी जड आणि घाट जितका खोल, तितकी शक्ती कोठेतरी खर्ची पडावी लागते. चालकाने ती केवळ ब्रेकवर टाकली तर तिची सगळी उष्णता होते. ब्रेक तापला की त्याची पकड सुटते. पाय दाबलेला राहतो आणि गाडी चालत राहते. म्हणून जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढत त्याच गिअरमध्ये उतरत आणि गाडीचा भार इंजिनाकडून रोखून धरीत. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते, हेही त्यांना गणित न शिकता माहीत होते. पिथमपूरला वेगमार्गाखेरीज ब्रेकच्या कसोटीचा, चढ-उताराचा, ओल्या घसरड्या फरसबंदीचा असे वेगळे मार्ग आहेत. ट्रकचा ब्रेक किती तापतो आणि तापल्यावर किती धरतो, हे तेथे मोजता येते. चाके अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा अशाच कसोट्यांतून पक्व झाली. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून सव्वाशे सी.सी.वरच्या सर्व नव्या मोटारसायकलींना ती सक्तीची आहे. पण नव्या गाडीची कसोटी हजार एकरांत होते, आणि जुन्या, जादा भरलेल्या, दुरुस्ती टाळलेल्या ट्रकची घाटात.

विक्रमाची हौस आता खुद्द रस्ते बांधण्यातही शिरली आहे. आपल्या जळगाववरून पूर्वेला जाणाऱ्या महामार्गावरच, अमरावती ते अकोला या टप्प्यात, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरांचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. सातशेवर माणसे रात्रंदिवस खपली. दुष्काळी कामावर वर्षवर्ष एक मैल खडी फुटताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे स्वप्नवत वाटेल. आणि शर्यतही पुन्हा गावात आली आहे: फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेच्या गाड्यांची, आणि २०२४ साली चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची. कठडे उभारून, रस्ते बंद करून, चार दिवसांपुरती. तंटा संपलेला नाही.

माळव्याच्या त्या पहिल्या उतारावर, गणपती घाटात, वर्षानुवर्षे ट्रक निसटून दुसऱ्या पदरावर जात आणि समोरून येणाऱ्यांवर आदळत. शेवटी २०२४च्या अखेरीस तेथे उतरणाऱ्या वाहनांसाठी सुमारे नऊ किलोमीटरांचा निराळा रस्ता सुरू झाला. वळण मोठे घेतले, अंतर वाढले, उतार मात्र सौम्य झाला. इंदूरकडून येणारा ट्रक आता त्या लांबच्या वाटेने खलघाटापर्यंत उतरतो आणि नर्मदा ओलांडून सेंधव्याच्या दिशेने आपल्याकडे येऊ लागतो. पुढे बिजासन आहे.